उल्का रडारचा डेटा: डायर्नल टाइडची फेज उंचीनुसार सरकतच नाही, चूक कुठे असेल?

गणेशखिंड_एमएस्सी

प्रोजेक्टसाठी एका उल्का रडारचा जानेवारी-फेब्रुवारीचा डेटा मिळालाय. उल्का जळताना मागे राहणाऱ्या आयनांच्या रेघेचा एको (रेडिओ प्रतिध्वनी) पकडून हा रडार वरच्या हवेतला वारा मोजतो. केंद्राचं नाव इथे लिहीत नाही. भारतातलंच आहे, कमी अक्षांशावरचं. फ्रीक्वेन्सी ३५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे तरंगलांबी साधारण ८.५ मीटर. एक ट्रान्समिटर आणि अधिकच्या चिन्हासारख्या मांडलेल्या पाच रिसीव्हर अँटेना. बाहेरच्या चार मधल्या अँटेनापासून २ आणि २.५ तरंगलांबींवर. फाइलमध्ये दर उल्केमागे एक ओळ: वेळ, रेंज (रडारपासूनचं अंतर), झेनिथ अँगल (डोक्यावरच्या बिंदूपासूनचा कोन), अझिमथ (आडवी दिशा), रेडियल व्हेलॉसिटी (दृष्टिरेषेतला वेग), डिके टाइम (एको विरायला लागणारा वेळ).

मी १ तास गुणिले ३ किमीचे बिन (कप्पे) केले, प्रत्येक बिनमध्ये लीस्ट स्क्वेअर्सने पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उभा असे तिन्ही वारे काढले. मग त्या तासातासाच्या वाऱ्यांवर दर दिवशी २४ आणि १२ तासांचा फिट बसवला. तीन गोष्टी जुळत नाहीत.

एक, डायर्नल टाइडची (सूर्याच्या तापवण्याने वाऱ्यात येणाऱ्या २४ तासांच्या लाटेची) कमाल वेळ, म्हणजे फेज, ८२ ते ९७ किमीमध्ये जेमतेम ४ तास सरकते. उभी तरंगलांबी २५ ते ३० किमी धरली तर १२ ते १४ तास सरकायला हवी.

दोन, दिवसाचा सरासरी वारा साध्या सरासरीने काढला तर एक येतो, फिटमधून काढला तर दुसरा. फरक कधीकधी १० मी./से.

तीन, उभा वारा महिन्याच्या सरासरीत ३ ते ४ मी./से. येतोय. हे शक्य नाही एवढं कळतं, पण कोडमध्ये चूक सापडत नाही.

यागी_३_घटक

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकी दोघांचं मूळ बहुतेक तिथेच आहे. मोठ्या क्षेत्रावरचा सरासरी उभा वारा या उंचीवर सेंटीमीटर प्रति सेकंदाच्या घरात असतो. ३ मी./से. आला याचा अर्थ तुमचे कोन तरी चुकलेत किंवा नको ते एको आत आलेत. फिटमधून तो काढून टाका, शून्य धरा. फक्त तपासणीसाठी महिन्यातून एकदा काढून बघायचा, ताप मोजतात तसा.

कोड शोधण्याआधी फाइलमधली चिन्हं तपासा. अझिमथ उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने दिलाय की पूर्वेपासून उलट्या दिशेने? दोन्ही पद्धती चालतात, आणि गल्लत झाली की पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण वाऱ्यांची अदलाबदल होते. रेडियल व्हेलॉसिटी रडारपासून दूर जाताना धन की जवळ येताना? तिथे चूक झाली तर २४ तासांची फेज १२ तासांनी आणि १२ तासांची फेज ६ तासांनी उडते. झटपट कसोटी: उत्तर गोलार्धात टाइडचा वारा वेळेनुसार घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे उत्तरेकडचा वारा आधी कमाल गाठतो आणि पूर्वेकडचा साधारण पाव आवर्तनाने मागून येतो. तुमच्याकडे उलटं फिरताना दिसलं तर अदलाबदल झालीये.

आता उंची. हा खरा मुद्दा.

रडार उंची मोजत नाही. रेंज मोजतो, आणि पाच अँटेनांमधल्या फेजच्या फरकावरून कोन काढतो. उंची हा दोन्हींचा गुणाकार. १६० किमी रेंज आणि ५५ अंश झेनिथ अँगल घेतला तर सपाट पृथ्वीवर उंची ९१.८ किमी येते, पृथ्वीची वक्रता धरली की ९३.१. (वक्रता विसरणारे कोड आजही फिरतायत, तुमच्यात नाही ना ते बघा.) याच ठिकाणी कोनात १ अंश चूक म्हणजे उंचीत २.३ किमी. तुमचा बिनच ३ किमीचा आहे.

कोनातली चूक येते कुठून? एखाद्या अँटेनाच्या केबलची इलेक्ट्रिकल लांबी सॉफ्टवेअरमधल्या आकड्याशी जुळत नाही तिथून. ०.६६ व्हेलॉसिटी फॅक्टरच्या (म्हणजे लहर प्रकाशाच्या ०.६६ पट वेगाने जाते अशा) साध्या कोॲक्स केबलमध्ये ३५ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी ५.६ मीटर भरते. म्हणजे ४७ सेंमी केबल जास्तीची लागली की फेजमध्ये ३० अंशांची चूक तयार. कनेक्टरमध्ये पावसाळ्यात पाणी शिरलं, गवत वाढून अँटेनाच्या रिफ्लेक्टरला टेकलं, तरी फेज हलते, आणि ती कोरड्या दिवसांत परत पूर्वपदावर येते. तो प्रकार जास्त त्रासदायक.

या मांडणीत बाहेरच्या दोन अँटेनांमधलं ४.५ तरंगलांबीचं अंतर बारीक कोन देतं, पण संदिग्ध: एकाच फेजला अनेक दिशा बसतात. त्यातली खरी कोणती हे २.५ आणि २ यांच्या फरकातून, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीच्या आभासी अंतरातून ठरतं. तो फरक ढोबळ असतो, त्यामुळे फेजची चूक तिथे फार महाग पडते. बाहेरच्या एका अँटेनात २० अंशांच्या पुढे चूक गेली की निवडच चुकते आणि उल्का भलत्याच दिशेला टाकली जाते. मधल्या अँटेनात तर १० अंशच पुरतात, कारण ढोबळ अंदाजात तिची चूक दोनदा मोजली जाते. वर गंमत अशी की ४.५ च्या जोडीत मधली अँटेना नसतेच, त्यामुळे बारीक कोन अगदी स्वच्छ दिसतो आणि संशय येत नाही.

याचा तुमच्या फेजशी संबंध असा. उल्का सगळ्यात जास्त ९० किमीच्या आसपास सापडतात, ८२ आणि ९७ ला कमी. उंचीत चूक पसरली की ९० च्या गर्दीतल्या उल्का दोन्ही टोकांच्या बिनमध्ये सांडतात. तिथे खऱ्या उल्का मुळात थोड्या, म्हणून सांडलेल्यांचंच राज्य. मग ८२ ला पण ९० चीच फेज, ९७ ला पण ९० चीच. तुमचे ४ तास असे झालेत असं मला वाटतं.

तपासायचं असं. उल्का चार दिशांमध्ये वाटा आणि प्रत्येकीचा उंचीचा हिस्टोग्राम वेगळा काढा. उल्कांना उत्तर-दक्षिण कळत नाही. चारही शिखरं एकाच उंचीवर यायला हवीत.

दुसरी स्वतंत्र कसोटी डिके टाइमची. आयनांची रेघ पसरण्याचा वेग हवा विरळ होते तसा वाढतो, साधारण दर ६ किमीला २.७ पटीने. तुमच्या तरंगलांबीला ९० किमीवर एको ०.१ सेकंदाच्या आसपास टिकतो, ९८ ला ०.०३ च्या आसपास. फाइलमध्ये ९८ किमी लिहिलेल्या पुष्कळ उल्का ०.१ सेकंद टिकत असतील तर त्या ९८ च्या नाहीत. एकेका उल्केवर हा न्याय लावू नका, विखुरणं खूप असतं. उंची विरुद्ध डिके टाइमच्या लॉगचा प्लॉट काढा आणि पट्टा किती जाड आहे ते बघा.

चूक सापडलीच तर ही सारांश फाइल उपयोगाची नाही. दर उल्केचे पाचही अँटेनांचे फेज असलेली मूळ फाइल मागा.

खोडदकर

वरच्या प्रतिसादाला जोड. जीएमआरटीत (खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत) ३० अँटेनांची फेज लावायला आकाशात ओळखीचा कॅलिब्रेटर सोर्स असतो. उल्का रडारला तो नसतो, पण उल्काच कॅलिब्रेटर म्हणून वापरता येतात. चार केबलच्या फेज-दुरुस्त्या अज्ञात धरायच्या, काही हजार उल्का घ्यायच्या, आणि ७० ते ११० किमीमध्ये जास्तीत जास्त उल्का याव्यात व उंचीचा हिस्टोग्राम शक्य तितका अरुंद व्हावा अशी दुरुस्ती शोधायची. एक-दोन दिवसांचा डेटा पुरतो. दर आठवड्याला वेगळी काढा. आकडा स्थिर राहिला तर केबल, हलत राहिला तर कनेक्टर.

आणि जेमिनिड उल्कावर्षाव. १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा डेटा मिळाला तर सोन्याहून पिवळं. उल्का रडार फक्त दृष्टिरेषेला काटकोनात असलेली रेघ बघतो, त्यामुळे एकाच वर्षावाच्या उल्का आकाशात रेडियंटपासून (उल्का जिथून येताना दिसतात त्या बिंदूपासून) ९० अंशांच्या एका वर्तुळावर पडतात. वर्तुळ वाकडं आलं तर कोन वाकडे. फक्त पुण्याच्या अक्षांशावर मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास जेमिनिडचा रेडियंट डोक्यावरून जेमतेम १५ अंशांवर येतो, तेव्हा ते वर्तुळ क्षितिजाला चिकटतं आणि रडारची जेमिनिड-संख्या पडते. डोळ्यांना उल्का जास्तीत जास्त दिसतात तेव्हाच रडार रिकामा, म्हणून घाबरू नका.

वेताळटेकडी

मध्येच विचारतो, पाषाणला हवामान खात्याने विंड प्रोफायलर (उंचीनुसार वारा मोजणारा रडार) बसवला होता ना? पुण्यातल्या पुण्यात त्याच्याशी ताडून बघता येणार नाही का?

यागी_३_घटक

नाही. तो ४०४ मेगाहर्ट्‌झचा, तरंगलांबी ७४ सेंमी. असा रडार हवेतल्या अर्ध्या तरंगलांबीच्या, म्हणजे ३७ सेंमीच्या, खळबळीवरून परावर्तन घेतो. उंच गेलं की हवा विरळ होते आणि इतक्या लहान भोवऱ्यांना चिकटपणा लगेच विरवून टाकतो. त्यामुळे त्याची झेप खालच्या काही किमीपुरती. गडंकीचा ५३ मेगाहर्ट्‌झचा एमएसटी रडार १०२४ यागी अँटेना लावून मेसोस्फिअर (वातावरणाचा वरचा थर) बघतो, तोही दिवसा, ६५ ते ८५ किमीच्या पट्ट्यात, कारण तिथे सूर्याने तयार केलेले इलेक्ट्रॉन लागतात.

ताडून बघायचंच असेल तर एमएफ (मध्यम फ्रीक्वेन्सीचा) रडार. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा १.९८ मेगाहर्ट्‌झचा आहे. पण एमएफची पद्धत वेगळी. तीन अँटेनांवर एकामागोमाग सरकत जाणाऱ्या नक्षीवरून तो वारा काढतो, आणि साधारण ९० किमीच्या वर त्याचे वारे उल्का रडारपेक्षा कमी भरतात, ही जगभरची तक्रार आहे. ८२ ते ८८ मध्ये तुलना करा, वर नको.

भरतीओहोटी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहितो.

उल्का पहाटे सहाच्या सुमारास सर्वाधिक आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्वात कमी. पावसात दुचाकी चालवताना छाती भिजते आणि पाठ कोरडी राहते, तसं. पहाटे आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूला असतो, संध्याकाळी मागच्या. परिणामी वरच्या आणि खालच्या बिनमध्ये रोज संध्याकाळी तेच चार-पाच तास रिकामे. भोक रोज एकाच वेळी पडतं, म्हणजे भोकाचंच आवर्तन २४ तासांचं. हाच घोळ.

हिशोब करा. डायर्नल टाइड ४० मी./से. आहे आणि तिचं शिखर नेमकं संध्याकाळी ६ ला. मध्यावरचे ५ तास गायब. उरलेल्या १९ तासांची साधी सरासरी घेतली तर खरा सरासरी वारा शून्य असताना उणे १० मी./से. येतो. तुमचा १० चा फरक इथला आहे. साधी सरासरी विसरा.

पण फिटवरही डोळे झाकून विश्वास नको. एका दिवसाचा डेटा आणि त्यात ५ तासांचं भोक असताना सरासरी, २४ आणि १२ या तिघांना एकमेकांपासून वेगळं करणं अवघड असतं. एकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यात पडते. म्हणून:

आधी तासाचा वारा आणि मग फिट अशी दोन पायऱ्यांची पद्धत सोडा. ४ दिवसांची खिडकी घ्या, रोज एक दिवस पुढे सरकवा, आणि त्या उंचीच्या सगळ्या उल्कांच्या रेडियल व्हेलॉसिटीवर एकदम फिट बसवा. दर वाऱ्याला सरासरी अधिक ४८, २४, १२, ८ तास. म्हणजे ९ अज्ञात, दोन वाऱ्यांचे १८. ४८ का? जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिण गोलार्धात दोन दिवसांची लाट जोरात असते आणि कमी उत्तर अक्षांशांपर्यंत येते, विशेषतः उत्तर-दक्षिण वाऱ्यात. ती मॉडेलमध्ये नसेल तर तिची ऊर्जा टाइडमध्ये शिरते आणि टाइडचा ॲम्प्लिट्यूड दिवसाआड वरखाली होताना दिसतो.

झेनिथ अँगल १० ते ६० अंश ठेवा. खालची मर्यादा कारण डोक्यावरच्या उल्केत आडवा वारा जवळजवळ दिसतच नाही. वरची मर्यादा वेगळ्या कारणासाठी: सेकंदाला २१४४ पल्स सोडणाऱ्या रडारला दर ७० किमीला रेंजचा घोळ असतो, म्हणजे एकच एको ९०, १६०, २३० किंवा ३०० किमीचा असू शकतो. ५५ अंशांवर यातली फक्त १६० ची उंची ७० ते ११० मध्ये बसते. ७० अंशांवर २३० ची ८२ किमी येते आणि ३०० ची १०९. दोन्ही चालतात, मग निवडणार कोण?

आउटलायर: पहिल्या फिटनंतर ज्यांचा रेसिड्युअल (फिटपासूनचा फरक) ३० मी./से.च्या वर आहे ते काढा, पुन्हा फिट, असं दोनदा. ३० हा आकडा पवित्र नाही. ग्रॅव्हिटी वेव्ह (हवेतल्या लहान आवर्तनाच्या लाटा) जोरात असलेल्या दिवशी ३० ला खऱ्या उल्काही उडतात, तेव्हा किती टक्के गेल्या ते नोंदवत जा. १० टक्क्यांहून जास्त जात असतील तर दोष उल्कांचा नाही.

शेवटचं, वेळ. फाइल यूटीमध्ये (जागतिक वेळेत) आहे की भारतीय प्रमाणवेळेत? आणि तुम्ही फेज कशात लिहिताय? टाइडला स्थानिक सूर्याची वेळ लागते. पुण्याचं रेखांश ७३.८५ अंश धरलं तर स्थानिक सरासरी वेळ प्रमाणवेळेच्या ३५ मिनिटं मागे, म्हणून तर इथे माध्यान्ह सरासरीने १२.३५ ला होते. १२ तासांच्या टाइडमध्ये ही ३५ मिनिटं म्हणजे १७ अंश. तुमचं केंद्र आहे तिथलं रेखांश घाला, पुण्याचं नाही.

गणेशखिंड_एमएस्सी

सगळ्यांचे आभार, आठवडाभर हेच केलं. निकाल:

चिन्हं बरोबर होती. दिशेनुसार हिस्टोग्राम काढले: पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे शिखर ९१ किमीला, पण उत्तरेला ९४ आणि दक्षिणेला ८८. मूळ फाइल मागून खोडदकरांच्या पद्धतीने दुरुस्ती शोधली. उत्तर-दक्षिण हातावरच्या बाहेरच्या एका अँटेनात २६ अंश निघाले, दर आठवड्याला २५ ते २७ च्या मध्येच, बाकी अँटेना ३ अंशांच्या आत. केंद्रावर विचारल्यावर कळलं की पावसाळ्यानंतर त्या अँटेनाची केबल बदलली होती. नवी साधारण ४० सेंमी जास्त लांब, सॉफ्टवेअरमध्ये आकडा जुनाच.

दुरुस्तीनंतर चारही शिखरं ९०.५ ते ९१.५ मध्ये. ७० ते ११० मध्ये बसणाऱ्या उल्काही वाढल्या. ४ दिवसांच्या खिडकीने डायर्नलची कमाल वेळ ८२ ते ९७ मध्ये आता १२ तास सरकते, वर जाताना लवकर होत. उभा वारा ०.५ मी./से.च्या खाली.

नवा प्रश्न: उत्तर-दक्षिण वाऱ्याच्या २० दिवसांच्या लोम्ब-स्कार्गल स्पेक्ट्रममध्ये (तुटक डेटातली आवर्तनं शोधायची पद्धत) ४८ तासांच्या जवळ मोठं शिखर आहे आणि १६ तासांवर एक लहान पण स्पष्ट शिखर. पेपरांमध्ये १६ तासांना दोन दिवसांची लाट आणि टाइड यांच्यातली नॉनलिनिअर देवाणघेवाण म्हणतात. तसं लिहू का?

भरतीओहोटी

अजून नको. २६ अंश आणि ४० सेंमी जुळले हे मात्र छान: ५.६ मीटर गुणिले २६ भागिले ३६० केलं तर ४० च येतात. आणि चूक उत्तर-दक्षिण हातावरची, म्हणून एक बाजू वर आणि दुसरी खाली. पूर्व-पश्चिमेला ती कळणारच नव्हती.

१६ तासांचं. १ भागिले ४८ अधिक १ भागिले २४ म्हणजे १ भागिले १६. लाट आणि टाइड खरंच एकमेकींवर परिणाम करत असतील तर १६ येतं. पण तुमच्या डेटात रोज संध्याकाळी भोक आहे, त्याचं आवर्तनही २४ तासांचंच. ४८ तासांच्या लाटेवर हे भोक पडलं की तोच हिशोब लागू होऊन १६ तासांवर खोटं शिखर तयार होतं. हवेत काही न घडता. शिखराच्या जागेवरून दोघांत फरक करता येत नाही.

करायचं एवढंच: तुमच्या खऱ्या उल्कांच्या वेळा, उंच्या आणि कोन जसेच्या तसे घ्या. रेडियल व्हेलॉसिटी मात्र बनावट भरा: फक्त सरासरी, २४ आणि ४८ तास, तुमच्या फिटमधले ॲम्प्लिट्यूड आणि फेज घालून, वर २० मी./से.चा यादृच्छिक नॉइज. १६ ला शून्य. आता हाच कोड, हीच खिडकी चालवा. असं ५०० वेळा, दर वेळी नॉइज वेगळा. १६ तासांवर जे काही येतं ते भोकाचं. खरं शिखर त्यातल्या ९५ टक्के बनावटींच्या वर असेल तरच पुढे बोलू.

९.६ तासांवरही बघा. १२ तासांच्या टाइडशी देवाणघेवाण असेल तर १६ सोबत ९.६ ला पण काहीतरी हवं, आणि तीच चाचणी तिथेही लावायची.

खोडदकर

बनावट डेटा ९१ आणि ९७ किमी अशा दोन्ही बिनवर चालवा. ९१ ला संध्याकाळी पण बऱ्यापैकी उल्का असतात, भोक उथळ. खरी लाट असेल तर १६ चं शिखर दोन्हीकडे टिकेल. भोकाचं असेल तर ९७ ला मोठं आणि ९१ ला जवळपास गायब.

गणेशखिंड_एमएस्सी

चालवलं. ९७ ला खरं शिखर बनावट ५०० पैकी ३४० पेक्षा मोठं, म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. ९१ ला १६ तासांवर नॉइजच्या वर काही नाही. ९.६ कुठेच नाही. ४८ चं शिखर मात्र दोन्ही उंचींवर ठाम आहे. १६ तासांचा परिच्छेद काढून टाकला, त्या जागी भोकाचा प्लॉट घालतोय.